चित्र कसं बघायचं ते शिकवणारा क्लास: एका फ्रेमवाल्याचा अभिप्राय

नागपूरच्या महाल भागात चितारओळीजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे. ३४ वर्षं झाली. गणपती, गजानन महाराज, बाबासाहेब, लग्नाचे फोटो, गेलेल्या आजोबांचे फोटो, नातवाचं पोहण्याचं सर्टिफिकेट, सगळं मढवून झालं. मे महिन्यात जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंदगीभर चित्रं मढवून राहिले. एक तरी कधी नीट पाह्यलं का?" मी उत्तर शोधेपर्यंत तिने मोबाइलवरून २,४०० रुपये भरूनही टाकले होते.

क्लास चार रविवारांचा, रोज अडीच तास, शंकरनगरला पहिल्या मजल्यावर. विषय, चित्राचा अर्थ कसा लावायचा. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत. चितारओळ चौकातून मेट्रोत बसलो की थेट शंकरनगर, त्यामुळे आषाढातल्या पावसातही कोरडा पोचलो. आम्ही चौदा जण होतो. कॉलेजची पोरं, दोन आर्किटेक्ट, इंदोरा वस्तीतला एक तरुण, संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या एक बाई आणि मी. वयाने दुसरा नंबर माझा.

पहिल्या दिवशी सरांनी लाइट बंद करून भिंतीवर एक चित्र लावलं आणि म्हणाले, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. दहा मिनिटं म्हणजे किती असतात, हे त्या दिवशी कळलं. दुकानात मी गिऱ्हाइकाचं चित्र दहा सेकंद बघतो. लांबी, रुंदी, कागद ओला झालाय का, कोपरा दुमडलाय का. बस्स. इथे तिसऱ्या मिनिटाला बोअर झालो, पाचव्याला खुर्ची टोचायला लागली आणि सातव्या मिनिटाला मला चित्रातल्या माणसांच्या पायात चपला नाहीत हे दिसलं. चपला बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. त्यानंतर एकेक दिसतच गेलं. वरच्या झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली, खिडकीपाशी संत्री (नागपूरकराला ती आधी दिसायला हवी होती, पण नाही दिसली), पायाशी कुत्रं आणि मागच्या भिंतीवर एक गोल आरसा.

ते यान फान आयक या युरोपातल्या चित्रकाराचं १४३४ चं चित्र. श्रीमंत व्यापारी आर्नोल्फिनी आणि हात हातात घेतलेली त्याची बायको. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लाइट लागल्यावर सर म्हणाले, अर्थ सांगू नका, फक्त काय दिसतं ते सांगा. पहिलीच पोरगी म्हणाली, "बाई गरोदर आहे." सर म्हणाले, "हे तुम्हाला वाटलं. दिसतंय काय?" ती पुन्हा बघून म्हणाली, "झगा खूप लांब आहे, तिने तो पोटाशी उचलून धरलाय." बरोबर होतं. त्या काळी तिकडे तसे घोळदार झगे घालून ते पुढे गोळा करून धरायची पद्धत होती. आपल्याकडे नऊवारीचा ओचा बघून परदेशी पाहुण्याने बाईच्या पोटात काही दुखतंय असं ठरवावं, तसलाच हा प्रकार.

मग त्यांनी पानोफ्स्की नावाच्या अभ्यासकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी, नुसतं दिसतं ते: माणूस, बाई, कुत्रं, मेणबत्ती. दुसरी, त्या गोष्टींना त्या समाजात काय म्हणत होते ते: कुत्रं म्हणजे निष्ठा, एकटी मेणबत्ती म्हणजे देवाची नजर वगैरे. तिसरी, हे सगळं असं का काढलं गेलं, त्या काळातल्या लोकांच्या डोक्यात काय चाललं होतं. याच पानोफ्स्कीने १९३४ मध्ये लिहिलं की हे चित्र म्हणजे लग्नाचा दस्तऐवजच आहे, कारण आरशाच्या वर लॅटिनमध्ये "यान फान आयक इथे होता, १४३४" असं लिहिलंय आणि आरशात दारात उभी दोन माणसं दिसतात, म्हणजे साक्षीदार. पुढच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. कोणी म्हणालं लग्न नाही, कोणी म्हणालं कुत्रं म्हणजे फक्त कुत्रं. सरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निकाल दिला नाही. हे मला आवडलं. आमच्या धंद्यातही एक नियम आहे, फ्रेम कितीही भारी बसवा, आतल्या चित्रावर आपली सही करायची नाही.

आता तक्रार. मी विचारलं, "सर, हे मुळात किती मोठं आहे?" सर म्हणाले, "तसं लहानच आहे." लहान म्हणजे किती? मोबाइलवर शोधलं: ८२ बाय ६० सेंटिमीटर. खिशात टेप असतोच. भिंतीवर धरून बघितलं, ३२ इंच बाय साडेतेवीस. प्रोजेक्टरवर ते आठ फुटांचं दिसत होतं! दुसऱ्या रविवारी पिकासोचं गेर्निका आलं आणि तेही तेवढंच, आठ फूट. गेर्निका खरं तर साडेपंचवीस फूट लांब आणि जवळजवळ साडेअकरा फूट उंच आहे. माझ्या दुकानाचं शटर दहा फुटांचं. अशी अडीच शटरं शेजारी शेजारी ठेवा, तेवढं ते चित्र. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका या गावावर बॉम्ब पडले आणि त्याच वर्षी पिकासोने ते काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांत काढलं, हे सरांनी छान सांगितलं. पण फान आयकचा आरसा बघायला नाक काचेला लावावं लागतं आणि गेर्निकासमोर मान फिरवत चालावं लागतं, हे सांगितलंच नाही. आजोबांचा पासपोर्ट फोटो आणि त्याच फोटोचं दोन फुटी एनलार्जमेंट, घरात दोघांचा अर्थ एक असतो का? एक पाकिटात राहतो, दुसऱ्याला हार लागतो. चार रविवारांत एकाही स्लाइडखाली माप नव्हतं. २,४०० रुपये घेता, तर एक ओळ लिहा.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. दुसऱ्या रविवारी एक झेरॉक्स वाटला. त्यात रंगांचा तक्ता. लाल म्हणजे प्रेम किंवा राग, निळा म्हणजे शांती, पांढरा म्हणजे पवित्रता, पिवळा म्हणजे आनंद. म्हणजे पहिल्या दिवशी शिकवलेलं सगळं पाण्यात. इंदोऱ्याचा पोरगा कागद बघून म्हणाला, "सर, नागपुरात बसून निळा म्हणजे शांती कसं म्हणता? दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात या एकदा. तो निळा झोपवत नाही, उठवतो." वर्गात हशा झाला, पण त्याचं खरं होतं. माझ्या दुकानात बाबासाहेबांचे फोटो रोज येतात. निळा कोट, हातात किंवा काखेत पुस्तक, पुतळ्याचा फोटो असला तर वर उचललेलं बोट. लिहितावाचता न येणाऱ्या म्हातारीलाही यातली प्रत्येक गोष्ट काय सांगते ते माहीत असतं. एका गिऱ्हाइकाने मागे मला फोटो परत केला होता, कारण मी माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) जरा आत घेतला आणि पुस्तक अर्धं झाकलं गेलं. तेव्हा मला वाटलं, माणूस कटकटी आहे. आता वाटतं, पानोफ्स्कीची दुसरी पायरी त्याला माझ्याआधी येत होती.

पिवळ्याचं तर बोलूच नका. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बाहेरगावच्या माणसाला बांबू, कागद, कापडाच्या दोन अवाढव्य बाया आणि त्यांच्यामागे धावणारी गर्दी दिसेल, ही पहिली पायरी. ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, ही दुसरी. आणि काळी मारबत इंग्रजांना सामील झालेल्या भोसल्यांच्या बांकाबाईवरून आली असं जुनी माणसं सांगतात, दर वर्षी सोबतच्या बडग्यांवर (पुरुषी पुतळ्यांवर) महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ताजे टोमणे असतात, म्हणजे शहराला त्या साली कशाचा राग आलाय ते तिथे वाचता येतं, ही तिसरी. हे मी वर्गात सांगितलं तर सरांनी वहीत लिहून घेतलं. तक्ता मात्र परत घेतला नाही.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच तक्ता खोडून काढणारी एक गोष्ट सांगितली, त्यांच्या लक्षात आलं नसावं. व्हॅन गॉगचं जुलै १८९० मधलं चित्र, गव्हाच्या शेतावर कावळे. हे त्याचं शेवटचं चित्र, कावळे म्हणजे मरण, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण त्यानंतरही त्याने चित्रं काढली, शेवटचं हे नव्हतंच. म्हणजे त्याचा मृत्यू आपल्याला आधी माहीत, म्हणून कावळ्यांत मरण दिसलं. वर्गात यावर मजा झाली. एक जण म्हणाला, कावळा शिवला नाही तर पिंड अडतो. दुसरी म्हणाली, आमच्याकडे सकाळी कावळा ओरडला की पाहुणा येतो. एका पक्ष्याचे दहा मिनिटांत दोन अर्थ झाले, आणि चित्रातला कावळा ना पिंडाचा ना पाहुण्याचा. तो फ्रान्सातला.

अजिंठ्याच्या वेळी रंगाचं खरं शिक्षण झालं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. गेरूसारखे तांबूस, पिवळे रंग जवळच्या मातीदगडातून मिळत होते, आणि निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द नावाचा दगड अफगाणिस्तानाकडून येत होता. मग निळा कुठे लावला आणि कुठे वाचवला, हे बघायला लागतं. आधी रंग किती महाग होता ते विचारा, अर्थ मागून विचारा. फ्रेमवाल्याला हे एका झटक्यात समजतं. सोनेरी पट्टी लोक देवालाच का लावतात? इंचाला किती पडते ते बघा. आणि हो, सोळावं लेणं ज्याने कोरवलं तो वराहदेव वत्सगुल्मच्या वाकाटक राजाचा मंत्री, वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. सरांनी हे सांगितल्यावर सगळा वर्ग ताठ बसला. आपल्या भागाचं नाव निघालं की आपण सगळे असेच.

तिसरा रविवार सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाया गेलेला. चित्रकार वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४ चा, आपल्या नागपुरातला. मला माहीतच नव्हतं. चित्रात माणूस नाही, झाड नाही, बहुतेकांना नावसुद्धा नाही. इथे पहिली पायरीच चालत नाही, कारण "काय दिसतं" याला उत्तर फक्त "पिवळा, त्यात मातकट काहीतरी, मधे उजेड" एवढंच. सरांनी काही समजावलं नाही. एवढंच सांगितलं की तो रोलर आणि चाकूने रंगाचे थर लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि झेन या बौद्ध पंथाचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. मग पुन्हा दहा मिनिटं गप्प. एका आर्किटेक्टने मधेच विचारलं, "केवढ्याला जातं?" सर म्हणाले, २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात एक २९ कोटींच्या वर गेलं. त्यानंतर कोणी चित्र बघितलं असेल असं मला वाटत नाही, मीपण नाही. आणि ज्या चित्राची सगळी गंमत एकावर एक चढलेल्या थरांत, ते प्रोजेक्टरच्या सपाट उजेडात म्हणजे लग्नाचं जेवण व्हिडिओत. सरांनी निदान एक खरं ऑइल पेंटिंग, कोणाचंही, वर्गात आणून बाजूने टॉर्च मारून दाखवायला हवं होतं. रंगाचा जाडपणा तसाच दिसतो. मी दुकानात खरं तेलरंगाचं आहे की छापील, ते तसंच तपासतो.

त्याच दिवशी शेवटी राजा रविवर्मा आला, म्हणजे माझा माणूस. त्याची शकुंतला मी कितीदा मढवली असेल. पायातला काटा काढायचं निमित्त, एक हात सखीच्या खांद्यावर, मान मागे. सरांनी विचारलं, ती कोणाकडे बघते? सगळे म्हणाले, दुष्यंताकडे. कुठाय दुष्यंत? चित्रात नाही. तो चौकटीबाहेर उभा आहे. ३४ वर्षं मी त्या चित्राला पट्टी ठोकत आलो आणि दुष्यंत माझ्या पट्टीच्या पलीकडे उभा होता, ते मला कळलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी २,४०० रुपये वसूल.

पण इथे माझी एक जुनी चूक आठवली, ती वर्गात सांगितली नाही, इथे लिहितो. रविवर्माने १८९४ मध्ये मुंबईला घाटकोपरात छापखाना काढला, पुढे तो मळवलीला हलला. तिथली लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेली. बायका त्या छापील देवीला खऱ्या जरीचं कापड चिकटवायच्या, टिकल्या, मणी लावायच्या. दुकान नवीन होतं तेव्हा महालातलाच एक जण अशी लक्ष्मी घेऊन आला, कागद डागाळलेला, जर काळी पडलेली. मी "साफ करून देतो" म्हणालो आणि वाफेने जर सोडवून, गोंद खरवडून, चित्र मूळचं होतं तसं केलं. मला वाटलं, मोठी कारागिरी केली. तो आईला घेऊन फ्रेम न्यायला आला. म्हातारीने चित्र बघितलं आणि विचारलं, "लुगडं कुठाय?" मी कचऱ्यात टाकलं होतं. ती काही बोलली नाही. पैसे दिले, चित्र नेलं. त्या छापातला अर्धा अर्थ चित्रकाराचा होता, अर्धा तिच्या सासूचा किंवा आजेसासूचा, आणि मी चित्रकाराचा तेवढा ठेवला. क्लासमध्ये चित्रकाराला काय म्हणायचं होतं यावर तासन्‌तास गेले, ज्यांच्या भिंतीवर ते चित्र साठ वर्षं टांगलेलं होतं त्यांच्यावर पाच मिनिटंही नाही. ही माझी तिसरी तक्रार.

चौथा रविवार अजब बंगल्यात. १८६३ पासूनचं हे आपलं संग्रहालय, लहानपणी पेंढा भरलेले प्राणी बघायला गेलो होतो तेवढंच. या वेळी सरांनी शिल्पांपुढे उभं केलं आणि प्रोजेक्टर नसल्यामुळे तेसुद्धा खुलले. मागे जा, खाली वाका, बाजूने बघा, पाठ पूर्ण कोरलीय का बघा, नसेल तर हे भिंतीत बसवलेलं होतं. इथे संस्कृतच्या बाईंनी कमाल केली. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म, हे सगळ्यांना माहीत. पण कोणत्या हातात काय, तो क्रम बदलला की नाव बदलतं, केशव, नारायण, माधव अशी चोवीस. "संध्येतली चोवीस नावं पाठ आहेत ना, तीच ही," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे एका मूर्तीपुढे हात मोजत उभे. दगडात वाचनाचे एवढे नियम असतील असं कधी वाटलं नव्हतं. पण तासाभरात सरांनी घड्याळ बघितलं, बाहेर ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. सर्टिफिकेट मढवून देतो म्हणालो तर चौघांनी ऑर्डर दिली, हे माझ्या पदरात.

जायचं का? जा. पहिला आणि चौथा रविवार नक्की. मधल्या दोनांना टेप घेऊन जा आणि तक्त्याचा झेरॉक्स चहाचा कप ठेवायला वापरा. एसीतून पाणी गळतं, खिडकीची बाजू धरा. चहा पातळ आहे.

मागच्या आठवड्यात सर दुकानात आले. स्वतःसाठी गायतोंड्याच्या एका चित्राचं प्रिंट आणलं होतं, पिवळं. मी जरा दूर धरून चांगलं पाच मिनिटं बघितलं, त्यांना बरं वाटलं. मग माउंटबोर्डचे नमुने पुढे ठेवले आणि विचारलं, कोणता लावू? त्यांनी एकावर बोट ठेवलं. "निळा द्या," म्हणाले, "शांत वाटतो." मी निळा कापला. बिल ६५०.